चॅनेल कुणाचं? सीमाभागातल्या एका भजनी मंडळाचं प्रकरण

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला, राकसकोपच्या वाटेवरच्या एका गावातलं भजनी मंडळ गेल्या वर्षी फुटता फुटता राहिलं. भांडण पैशावरून झालं असं गाव म्हणतं. मला ते पटत नाही, कारण तोवर कुणाच्याच हातात एक रुपया आलेला नव्हता. मंडळाचं यूट्यूब चॅनेल एका पोराच्या जीमेलवर उघडलेलं, तो पोरगा नोकरीला चाकणला गेलेला, आणि गावातल्या टाळकऱ्यांना आपलाच अभंग चॅनेलवर घालायचा किंवा काढायचा म्हटलं तरी त्याला फोन लावावा लागायचा. त्यात दोन अभंगांवर दोन परक्या लोकांनी मालकी सांगितली. सगळं एकदमच अंगावर आलं.

माझं शहापुरात डीटीपीचं दुकान आहे. या मंडळाच्या पारायणाच्या पत्रिका वर्षानुवर्षं माझ्याकडे छापायला येतात, म्हणून हे प्रकरणही माझ्याच टेबलावर आलं. मंडळींना विचारूनच लिहितोय. गावाचं आणि माणसांची नावं मात्र नकोत, असं त्यांचं म्हणणं पडलं आणि ते बरोबरच आहे.

कॅसेटचा काळ

मंडळ जुनं. हरिपाठ, काकडा, पारायणाच्या सप्ताहात रात्रीचा जागर, आणि आसपासच्या गावांत भजन स्पर्धा असली की तिथे हजेरी. पखवाज वाजवणाऱ्याच्या घरी कन्नड बोलतात, पण तुकोबांचा गाथा त्याला इतरांपेक्षा जास्त पाठ आहे. आमच्या भागात याचं कुणाला नवल वाटत नाही.

नव्वदच्या दशकात मंडळाचे म्होरके असलेल्या बुवांच्या गळ्याचं नाव सगळ्या पट्ट्यात झालं होतं. ते स्वतः चाली बांधायचे. तेव्हा एका कॅसेट कंपनीने त्यांना कोल्हापूरला नेऊन एक कॅसेट काढली. साठ मिनिटांची कॅसेट, म्हणजे एका बाजूला तीस मिनिटं. देवळात एक अभंग पंधरा-वीस मिनिटं चालायचा. स्टुडिओत सांगितलं, एका बाजूला पाच बसले पाहिजेत. बुवांनी आलाप छाटले, गजर आखूड केला, आणि एका दिवसात सगळं उरकलं. मोबदला म्हणून रोख काही थोडे आणि बाकी कॅसेटचेच गठ्ठे मिळाले. त्या मंडळींनी वारीत नि यात्रांत विकल्या. कागद म्हणाल तर एक पावती, खाली बुवांची सही. मास्टर टेप कंपनीकडे.

त्या काळी हे सगळ्यांना रास्तच वाटायचं, कारण गाणं लोकांपर्यंत न्यायचं तर यंत्रं, छपाई, माल वाहून नेणारी माणसं, दुकानदार अशी साखळी लागायची आणि ती कंपनीच्या हातात होती. टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी १९८३ नंतर कॅसेट स्वस्त केली आणि एचएमव्हीची एकट्याची सद्दी मोडली, म्हणून तर आमच्या खेड्यातल्या बुवांपर्यंत स्टुडिओ पोचला. स्वस्त कॅसेटने फार मोठं काम केलं, हे मान्य करायलाच हवं.

पुढे संगणक आला. गावात कुणीतरी टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून ती संगणकाच्या पाठीमागे खुपसली, कॅसेट पूर्ण वाजू दिली आणि तिची एमपीथ्री करून ठेवली. १२८ केबीपीएसला पाच मिनिटांचं गाणं पाच एमबीच्या आत बसतं. सातशे एमबीच्या सीडीत दीडशेच्या आसपास गाणी, दोन जीबीच्या मेमरी कार्डात चारशे. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'कार्ड भरून मिळेल' अशी पाटी असायची. दुकानदार फोल्डर उचलून टाकायचा. बुवांची कॅसेट अशी खानापूरपासून निपाणीपर्यंत पसरली. कंपनीला त्यातून पैसा मिळाला नाही, बुवांनाही नाही. कंपनी पुढे बंद पडली आणि तिचा माल दुसऱ्या, मोठ्या कंपनीने उचलला, हे आम्हाला कळलं ते या प्रकरणातच.

लॅपटॉपवर ध्वनिमुद्रण

२०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि डेटा फुकटासारखा झाला. त्याआधी आमच्या शिवारात चंदगडकडच्या टॉवरची रेंज पकडली की फोन महाराष्ट्रात गेल्यासारखा व्हायचा आणि रोमिंग लागायचं. मग व्हिडिओ कोण बघणार? जिओनंतर दोन वर्षांत म्हातारी माणसंसुद्धा फोनवर कीर्तन लावून झोपायला लागली.

टाळेबंदीत पारायण बंद पडलं. तेव्हा डिप्लोमा झालेला, मंडळात टाळ वाजवणारा एक पोरगा घरी बसून होता. त्याने देवळातच ध्वनिमुद्रण करायचं ठरवलं. पहिल्यांदा नुसत्या फोनवर केलं आणि सगळं फसलं: टाळ वाजले की फोनचा माइक फाटायचा, गोंगाट कमी करणारी व्यवस्था टाळांच्या नादालाच गोंगाट समजून दाबायची, आणि तिच्यासोबत गाणाऱ्याचा आवाजही आत-बाहेर व्हायचा. मग मंडळाने पारायणाच्या शिल्लक पैशांतून दोन माइक आणि ते लॅपटॉपला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस घेऊन दिला. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावून झाली की तो माइक हातभर लांब सरकवायचा, टाळकऱ्यांना माइकपासून दूर भिंतीकडे उभं करायचा, आणि नंतर लॅपटॉपवर ऑडासिटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक आवाज जुळवायचा. ऑडासिटी फुकट मिळतं. कोल्हापूरच्या स्टुडिओत ज्या कामाला कंपनी लागली होती, ते काम आता देवळाच्या ओवरीत होत होतं.

तोवर बुवा वारले होते. चाली त्यांच्याच, गाणारा त्यांचा शिष्य.

चॅनेल उघडताना पोराने स्वतःचा जीमेल दिला. दुसरा कुणाचा देणार? मंडळाला ना नोंदणी, ना बँक खातं, ना पॅन. हळूहळू एक गजर चालला. चंदगड, गडहिंग्लज, गोवा, मुंबईत कामाला असलेली आपली माणसं, सगळ्यांनी तो एकमेकांना पाठवला. जाहिरातींचे पैसे मिळवायचे तर यूट्यूबला हजार सदस्य आणि वर्षभरात चार हजार तास बघणं लागतं. तेही जमलं. जाहिरातीच्या उत्पन्नातले ५५ टक्के चॅनेलला मिळतात, ४५ टक्के यूट्यूब ठेवतं. मात्र अॅडसेन्सच्या, म्हणजे गूगल जाहिरातींचे पैसे जिथून देतं त्या खात्यात शंभर डॉलर साठल्याशिवाय हातात काही पडत नाही, आणि दहा डॉलर झाले की पत्ता तपासायला ते टपालाने एक पिन पाठवतात. पिन चार महिन्यांत भरली नाही तर जाहिराती थांबतात.

भांडणाला निमित्त झालं ते हेच पत्र. पाकिटावर सगळं इंग्रजीत, पोराचं नाव आणि परदेशी कंपनी. त्याच्या वडलांना वाटलं पोराने कसलं तरी कर्ज काढलंय, म्हणून त्यांनी ते पंचांगात दडवून ठेवलं. काही दिवसांनी पोस्टमननेच पारावर विषय काढला, "मंडळाचे पैसे आले काय हो अमेरिकेतनं?" झालं. एकादशीच्या रात्री भजनाआधी अण्णांनी, म्हणजे मंडळाच्या वीणेकऱ्यांनी, चाकणला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"ओटीपी तुझ्या मोबाइलवर येतोय म्हणून चॅनेल तुझं होय काय रे?"

पोरगा म्हणाला, "अण्णा, रात्ररात्र बसून एडिटिंग कुणी केलं मग?"

दोघांचंही खरं होतं, म्हणून तर ते लवकर मिटेना.

दोन दावे

पोराने मेल उघडून बघितले तेव्हा त्यात दोन कॉपीराइट दावे पडलेले निघाले. एक येऊन बरेच दिवस झाले होते.

हे दावे माणूस बसून करत नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी नावाची यंत्रणा २००७ पासून आहे. मोठ्या कंपन्या आपली ध्वनिमुद्रणं तिथे नमुना म्हणून ठेवतात. यंत्र प्रत्येक गाण्याचा ठसा काढतं आणि नवा व्हिडिओ आला की ठसे जुळवून बघतं. नुसतं तेच ध्वनिमुद्रण असलं तर पकडतं असं नाही, दुसऱ्याने गायलेली तीच चालही ओळखतं. जुळलं की कंपनीने आधी ठरवून ठेवलेलं आपोआप होतं: व्हिडिओ अडवायचा, त्याची कमाई आपल्याकडे वळवायची, किंवा नुसती पाळत ठेवायची.

पहिला दावा मोठ्या कंपनीचा होता. ज्या ध्वनिमुद्रणाशी ठसा जुळला ते होतं बुवांचीच कॅसेट. जुन्या कंपनीचा माल घेणाऱ्यांनी ती डिजिटल करून चढवली होती. बुवांचीच चाल, त्यांच्याच देवळात, त्यांच्याच शिष्याने गायली आणि यंत्राने सांगितलं, हे दुसऱ्याचं आहे.

दुसरा दावा त्याहून विचित्र. शेजारच्या गावातल्या एका डीजेवाल्या पोराने मंडळाचा गजर यूट्यूबवरून उतरवून घेतला, एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमध्ये खाली जोरकस बेस टाकला आणि विसर्जनाच्या मिरवणुकीसाठी डॉल्बी मिक्स केला. इथवर आमच्या भागात कुणाला वावगं वाटलं नसतं. बेळगावची विसर्जन मिरवणूक दुसऱ्या दिवसावर जाते, तिथे रोज नवं मिक्स लागतंच. पण त्याने ते एका ऑनलाइन वितरकामार्फत गाण्यांच्या सगळ्या ॲपवर चढवलं आणि फॉर्म भरताना कंटेंट आयडीच्या चौकटीतही टिचकी मारली. ती चौकट कशाची हे त्याने वाचलंच नव्हतं. आता यंत्राच्या लेखी गजर त्याचा आणि मंडळाचा व्हिडिओ नक्कल! मिक्सला मंडळाच्या मूळ व्हिडिओपेक्षा जास्त ऐकणारे होते, हे जाता जाता सांगतो.

कायदा काय म्हणतो

माझ्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्याची प्रत आहे. ओळखीच्या एका वकिलांना घेऊन आम्ही ती उलगडली. गाण्याचे तीन थर वेगळे काढल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही.

शब्द तुकोबांचे. त्यावर कुणाचा हक्क नाही.

चाल बुवांची. कायद्याने ती स्वतंत्र संगीतकृती आहे आणि हक्क बांधणाऱ्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो. तो हक्क दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी आणि सही केलेला कागद लागतो. कागदावर मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. बुवांच्या मुलाने घरातून ती पावती शोधून आणली. तिच्यावर ध्वनिमुद्रणाचे पैसे आणि कॅसेट मिळाल्याचं लिहिलंय. चालीबद्दल अक्षर नाही. म्हणजे चाल बुवांकडेच राहिली आणि आता ती त्यांच्या वारसांची.

तिसरा थर ध्वनिमुद्रणाचा. जुनी कॅसेट कंपनीची, त्यात वाद नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. १९६० सालची तबकडी २०२१ पासून मोकळी झाली, नव्वदच्या दशकातली कॅसेट अजून कितीतरी वर्षं मोकळी होणार नाही. पण हा हक्क त्या टेपपुरता असतो. तीच चाल कुणी नव्याने गाऊन नवं ध्वनिमुद्रण केलं तर टेपच्या मालकाला त्यावर बोट ठेवता येत नाही.

मग देवळातल्या नव्या ध्वनिमुद्रणाचा मालक कोण? कायदा त्याला निर्माता म्हणतो: ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. पुढाकार पोराचा. माइक मंडळाचे. जागा देवळाची. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाणाऱ्या-वाजवणाऱ्या प्रत्येकाला कलावंत म्हणून स्वतःचा हक्क आहे, त्यात सगळे टाळकरीही आले. अण्णा हे ऐकून म्हणाले, "म्हणजे भजनाला बसायच्या आधी स्टँप पेपर घेऊन बसायचं की काय?"

अण्णांच्या या चेष्टेतच सगळं प्रकरण आहे असं मला वाटतं. भजनात चाल कधी कुणाच्या मालकीची नव्हती. एका फडावर ऐकायची, दुसऱ्या गावात म्हणायची, मधे आपला एक टप्पा घालायचा. बुवांनी स्वतः कितीतरी चाली नाटकाच्या पदांवरून, रेडिओवरच्या गाण्यांवरून घेतल्या होत्या. आपल्याच जिल्ह्यातल्या सुळेभावीचे कुमार गंधर्व. १९२४ चा जन्म. लहानपणी ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची गाणी जशीच्या तशी म्हणून दाखवायचे, आणि लोक तोंडात बोट घालायचे. आज एखाद्या पोराने तसं गाऊन यूट्यूबवर टाकलं तर कौतुकाच्या आधी दाव्याचा मेल येईल. इंटरनेटने गाणं गावोगाव पोचवलं, पण त्याबरोबर प्रत्येक चालीला एक मालक, एक खातं आणि एक पत्ता असलाच पाहिजे अशी सक्तीही आणली. कॅसेटवाल्याला मालकी हवी होती ती माल विकण्यापुरती. देवळात कोण काय गातंय ते ऐकायला तो कधी आला नाही. यंत्र प्रत्येक गाणं ऐकतं.

मिटवलं कसं

पहिल्या दाव्यावर पोराने हरकत नोंदवली. हरकतीत तिन्ही थर लिहिले: शब्द संतांचे, चाल लेखी कुणाला दिलेली नाही, ध्वनिमुद्रण नवं. दावा करणाऱ्याला उत्तराला ३० दिवस असतात. कंपनीने उत्तरच दिलं नाही आणि मुदत संपल्यावर दावा आपोआप उठला. तोटा एवढाच झाला, की पाच दिवसांच्या आत हरकत घेतली असती तर पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवली गेली असती. मेल उशिरा बघितल्याने आधीची कमाई कंपनीकडे गेली. एकाच माणसाच्या इनबॉक्सवर मंडळ चालवलं की काय होतं, ते इथे दिसलं.

दुसऱ्या दाव्याला हरकतबिरकत लागली नाही. पखवाजी आणि अण्णा दोघे त्या डीजेच्या घरी गेले. पोरगा आधी म्हणाला, "अण्णा, खाली तुमच्या मंडळाचं नाव दिलंय की." मग चहा झाला, त्याच्या आजीने अण्णांना ओळखलं, आणि त्याने त्याच दिवशी वितरकाकडे लिहून कंटेंट आयडीतून आपलं मिक्स काढून घेतलं. मिक्स ॲपवर राहू द्यावं, मिरवणुकीत वाजू द्यावं, यालाही मंडळाने हरकत घेतली नाही. माझ्या मते घ्यायला हवी होती, निदान त्यातला वाटा तरी मागायला हवा होता. पण दोन गावांची सोयरीक आहे, तिथे मी काय बोलणार!

चॅनेलचं काम सगळ्यात अवघड गेलं. आधी पोराकडून ते ब्रँड खात्यावर घेतलं. त्यात एकापेक्षा जास्त मालक करता येतात. नवा मालक जोडल्यावर सात दिवस थांबावं लागतं, मग त्याला मुख्य मालक करता येतं. आता मुख्य मालक मंडळाचा स्वतंत्र जीमेल आहे. त्याचा फोन नंबर देवळाच्या कपाटात ठेवलेल्या साध्या हँडसेटमधला. पोरगा दुसरा मालक. पिनची मुदत सरत आली होती, ती चाकणहून त्यानेच भरली.

बँकेचं मात्र अजून अर्धवट आहे. मंडळाच्या नावाने खातं हवं तर कर्नाटक सोसायटी नोंदणी कायदा, १९६० खाली नोंदणी लागते, किमान सात सभासद दाखवून. उपविधी कन्नडमध्ये पखवाज्याने लिहून दिले, मी टाइप केले. अर्ज एकदा दुरुस्तीसाठी परत आला, कारण मंडळाचं नाव मराठीत एका तऱ्हेने आणि इंग्रजीत दुसऱ्या तऱ्हेने पडलं होतं. तोवर जमा होणारे पैसे पोराच्या खात्यावर येतात आणि तो त्याचा हिशेब व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकतो. वाटणीचं ठरलं ते असं: आधी माइक नि वायरींचा खर्च, मग संकलन करणाऱ्याला ठरावीक हिस्सा, उरलेलं पारायणाला. बुवांच्या मुलाने पैसे नको म्हटलं, पण प्रत्येक व्हिडिओखाली 'चाल' म्हणून वडलांचं नाव पाहिजे, ही त्याची अट. ती सगळ्यांत आधी मान्य झाली.

पैशाचं म्हणाल तर मंडळाचं खरं उत्पन्न अजूनही कार्यक्रमांचंच आहे. व्हिडिओ बघून गडहिंग्लज, आजऱ्याकडून बोलावणी वाढली. गाडीभाडं, जेवण आणि वर बिदागी. जाहिरातींचे पैसे त्यापुढे किरकोळ. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून एखादं गाणं वर्षात हजार वेळा वाजल्याशिवाय त्याची रॉयल्टीच मोजत नाहीत. जगाचा ध्वनिमुद्रित संगीताचा धंदा २०२४ मध्ये २९.६ अब्ज डॉलरवर गेला, त्यातला ६९ टक्के स्ट्रीमिंगचा. या आकड्यांत आमच्या देवळाचा टाळ कुठे ऐकू येत नाही.

एक गोष्ट मला खटकते. पोरगा आता शॉर्ट्स, म्हणजे यूट्यूबचे छोटे उभे व्हिडिओ, करायला सांगतो. २०२४ च्या ऑक्टोबरपासून शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत चालतो. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूलाही तीनच मिनिटं बसायची. बुवांनी कॅसेटसाठी आलाप छाटले, शिष्य आता शॉर्टसाठी थेट गजरावर उडी मारतो. गेल्या सप्ताहात देवळातसुद्धा त्याने तसंच केलं. समोर कॅमेरा नव्हता, तरी. अण्णांनी वीणा थांबवली नाही, पण भजन झाल्यावर त्याला बाजूला घेऊन पुढच्या वेळी सगळी चाल म्हणायची, अशी तंबी दिली.

बैठकीत शेवटी पखवाज्याने एक मुद्दा काढला, तो तसाच राहिलाय. टाळेबंदीतल्या ध्वनिमुद्रणात गाणारे दोघे आता मंडळ सोडून दुसऱ्या मंडळात गेलेत. व्हिडिओत त्यांचे आवाज आहेत, हिश्शात ते नाहीत. त्यांना विचारायला कुणी जायचं, यावर पुढच्या एकादशीला बोलायचं ठरलंय.